पांढऱ्या चित्राचा मालक

रविवार, रात्री उशिरा

सकाळपासून पावसाची झड लागलीय ती अजून थांबलेली नाही. भाचा राहायला आलाय, त्यामुळे दिवसभर घरात ‘डेअरडेव्हिल’ चालू, म्हणजे मुखवटा घालून गुंडांशी लढणाऱ्या आंधळ्या वकिलाच्या मालिकेचे निवडक भाग. 2015चा पहिला सीझन त्याने पाहिलाच नव्हता. मी पाहिलेला, तरी बसले. त्याचा जीव मारामाऱ्यांत, माझा त्या पांढऱ्या चित्रात. तिसऱ्या भागाच्या शेवटी ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा वेफर्सच्या पुडीतला हात न काढताच तो म्हणाला, “मावशी, हे काय? नुसती भिंतच तर आहे.”

मी गप्प बसले. पोरगा बोलता बोलता आठव्या भागातलं गुपित फोडून मोकळा झाला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. (मलाही इथे सगळं फोडावंच लागणार आहे. ज्यांना मालिका कोरी पाहायचीय त्यांनी पुढे वाचू नये.)

विल्सन फिस्क हा मालिकेतला खलनायक. त्याला मालिका आधी दाखवतच नाही. फोनवरचा आवाज तेवढा ऐकू येतो आणि त्याची माणसं त्याचं नाव तोंडातून निघू देत नाहीत. तिसऱ्या भागात हीली नावाचा भाडोत्री मारेकरी मार खाऊन शेवटी ते नाव सांगतो आणि सांगितल्याची दहशत एवढी, की लगेच लोखंडी सळईवर स्वतःचं डोकं आपटून जीव देतो. आता हा राक्षस दिसणार कसा, असं म्हणून आपण सरसावून बसतो आणि समोर येते एक आर्ट गॅलरी. तिथे टकलू, अगडबंब, सुटातही अवघडलेला एक माणूस पांढऱ्या कॅनव्हासपुढे उभा आहे. व्हिन्सेंट डोनोफ्रिओ या नटाने हा माणूस असा काही उभा केलाय की आधी त्याची कीवच येते. गॅलरीत काम करणारी व्हॅनेसा जवळ येते, पुढे तो तिच्या प्रेमात पडतो. कोरा कागद दाखवून ‘हे काय?’ विचारायचं आणि उत्तर द्यायचं ‘हिमवादळातला ससा’, हा पोरांचा जुना विनोद दोघांनाही माहीत असतो. चित्राचं नावही तेच. हे पाहून तुम्हाला काय वाटतं, असं ती विचारते. एकटं वाटतं, तो म्हणतो.

विनोद खरोखरच जुना आहे. 1883 साली पॅरिसमध्ये अल्फाँस आले नावाच्या विनोदी लेखकाने कोरा पांढरा कागद प्रदर्शनात लावला होता आणि खाली नाव दिलं होतं, बर्फ पडत असताना रक्तक्षयी मुलींचं पहिलं कम्युनियन (पांढऱ्या कपड्यांत होणारा ख्रिस्ती विधी). तेव्हा लोक हसले. फिस्क हसत नाही, ही मला त्या दृश्यातली सगळ्यात भेदरवणारी गोष्ट वाटते. ज्याला विनोद कळतो पण हसू येत नाही, अशा माणसापासून दोन हात लांबच राहावं.

आठव्या भागात उलगडा होतो. फिस्क दचकून जागा होतो, पलंगाच्या समोरच्या भिंतीवर ते चित्र. मग लहानपण. बाप गल्लीतला पुढारी व्हायच्या नादात कर्जबाजारी झालेला, बायकोवर हात टाकणारा. तो पोराला खुर्चीवर बसवतो आणि फरमान सोडतो, ह्या भिंतीकडे बघ आणि तुला कसला माणूस व्हायचंय त्याचा विचार कर. शेजारच्या खोलीत आईला पट्ट्याने मारल्याचा आवाज. पोरगा भिंतीकडे बघत बसतो, मग उठतो, हातोडी उचलतो आणि बापाला संपवतो. चित्र म्हणजे ती भिंत. भाच्याने माझ्याकडे बघून “बघ, म्हटलं नव्हतं?” असा चेहरा केला.

हा उलगडा मला तेव्हाही फार चोख वाटला होता, आजही वाटला. कुलपाला किल्ली लागावी तसा खटकन लागतो आणि पुढे विचार करायला काही उरत नाही. त्यापेक्षा मला त्याचे कफलिंक्स, म्हणजे शर्टाच्या बाह्यांना लावायची शोभेची बटणं, आवडतात. सकाळी ऑम्लेट करून खाल्ल्यावर फिस्क ड्रॉवर उघडतो, त्यात कफलिंक्सच्या जोड्या ओळीने मांडलेल्या, पण हात दरवेळी बापाच्याच जोडीवर जातो. आरशात त्याला स्वतःच्या जागी रक्ताने माखलेला पोरगा दिसतो. आपण उगाच क्रूर नाही, आपण बापासारखे नाही, याची आठवण राहावी म्हणून ते घालतो, असं तो व्हॅनेसाला सांगतो. ऐकायला किती बरं वाटतं! पण रोज घालतो म्हटल्यावर ज्या रात्री रशियन गुंडाचं डोकं त्याने गाडीच्या दारात चेचलं, त्या रात्रीही ते मनगटावर असणारच. त्या गुंडाचा गुन्हा काय, तर व्हॅनेसासोबतच्या जेवणात तो मध्ये घुसला. बापाचा वारसा अंगावर मिरवायचा आणि वर म्हणायचं, मी त्याच्यासारखा नाही. असले नमुने आपल्या नात्यागोत्यातही कमी नसतात, फक्त गाडीचं दार नसतं.

भागाच्या शेवटी व्हॅनेसा दुसरा सूट काढते, दुसरे कफलिंक्स हातात देते आणि आरशात पोरगा दिसायचा थांबतो. थोडक्यात, ती त्याला बरं करते. बरं करते म्हणजे काय, तर जे तो लपून करत होता ते आता ताठ मानेने करायला लागतो. लेखकांनी हे न बोलता दाखवलंय, त्याबद्दल त्यांना शाबासकी.

पहिला सीझन संपतो तेव्हा फिस्क कोठडीत भिंतीसमोर बसलेला आहे. इथपर्यंतची गोष्ट सगळी त्याचीच. त्याचं बालपण, त्याची भिंत, त्याचं एकटेपण. प्रेक्षक त्याच्यासाठी हळवे होतात, इंटरनेटवर त्या चित्राच्या अर्थावर पानंच्या पानं लिहिली जातात. आणि मग 2018 साली तिसऱ्या सीझनमध्ये लेखक एक साधा सवाल टाकतात, जो तोवर कुणाच्या डोक्यातच आलेला नसतो. हे चित्र मुळात कुणाचं?

फिस्क तेव्हा एफबीआयला माहिती पुरवतो म्हणून तुरुंगातून हॉटेलात आलेला, नजरकैदेत. चित्र हातातून गेलेलं. व्हॅनेसा परत येणार, तिच्यासाठी ते भिंतीवर हवंच. माणूस पाठवला, नकार आला. मग तो स्वतः जातो एस्थर फॉल्ब नावाच्या म्हाताऱ्या ज्यू बाईंच्या घरी. त्या बाईंना तो कोण आहे ते पक्कं ठाऊक आहे. त्या सांगतात, हे चित्र आमच्या घरातलं, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, भिंतीवरून ओरबाडून नेलं, माझी माणसं मारली, त्यांच्याशी मला जोडून ठेवणारी एवढीच वस्तू उरलीय. तुझ्यासारखे लोक मी आधी पाहिलेत, हेही त्या चांगलं ऐकवतात.

मी इथे पॉज केलं. त्याच पांढऱ्यात एकाला बापाची भिंत दिसते आणि दुसरीला गेलेलं अख्खं घर. अर्थ दोन्ही खरे मानले तरी मालक एकच असू शकतो. फिस्कचं दुःख खोटं नाही, पण ते दुःख टांगायला त्याने जी खुंटी वापरली ती दुसऱ्याच्या घरातून उपटलेली आहे. खलनायकाच्या आवडत्या वस्तूबद्दल आपण बोलतो तेव्हा नेहमी तिच्यातून तो कसा उलगडतो एवढंच बोलतो. मांजर, अंगठी, चित्र, जे काही असेल ते. ती वस्तू त्याच्याकडे आली कुठून, हे कुणी विचारत नाही. चोरीचा माल हातात धरलेल्या माणसाच्या मनाचे पापुद्रे सोलत बसायचं आणि पावती मागायची नाही, ही आपली रसिकता.

फिस्क ऐकून घेतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. हे मला फार आवडलं. भाचा म्हणाला, “एवढा मोठा डॉन आणि आजीला घाबरला?” घाबरला नाही रे, आयुष्यात पहिल्यांदा हरला, असं मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. झोपायला गेला.

मग मी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या साइटवर काझिमिर मालेविच या रशियन चित्रकाराचं 1918 सालचं चित्र उघडलं. पांढऱ्यावर पांढरा चौकोन. चित्र लहानसंच, बाजू सुमारे 79 सेंटीमीटरची. झूम केलं की कळतं, हे कोरं मुळीच नाही. मागचा पांढरा जरा उबदार, त्यावर कललेला चौकोन किंचित निळसर, उजवीकडे वर सरकलेला, आणि कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसतात. फिस्कचं चित्रही असंच रंगाच्या थरांनी खडबडीत आहे, जवळून दाखवतात तेव्हा दिसतं.

आणि खरी गंमत चित्राखालच्या बारीक अक्षरांत आहे. एरवी तिथे असतं, अमक्याची देणगी, तमक्या निधीतून खरेदी. इथे लिहिलंय की मालेविचच्या वारसांशी झालेल्या करारानुसार 1999 मध्ये हे चित्र संग्रहालयाकडे असल्याचं पक्कं झालं. झालं असं, की 1927 साली मालेविच आपली चित्रं घेऊन बर्लिनला प्रदर्शनासाठी गेला आणि ती तिथेच ठेवून सोव्हिएत रशियात परतला. पुन्हा बाहेर पडणं त्याला जमलं नाही. 1935 साली तो वारला. नाझी सत्तेवर आल्यावर असली चित्रं भिंतीवर लावणंच धोक्याचं. हानोफरच्या संग्रहालयाचा संचालक अलेक्झांडर डोर्नर याने ती लपवून ठेवली. 1935 मध्येच न्यूयॉर्कच्या त्या म्युझियमचा संचालक आल्फ्रेड बार तिथे आला आणि त्यातली काही बाहेर घेऊन गेला. चित्रं वाचली, हे खरंच. पण मालेविचला किंवा त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. वारसांनी दावा सांगितला तो थेट नव्वदच्या दशकात. तडजोडीत संग्रहालयाने त्यांना एक चित्र परत दिलं, पैसे दिले आणि बाकीची ठेवून घेतली.

म्हणजे न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात प्रसिद्ध पांढऱ्या चित्राच्या मागेही मालकीचा तंटा होताच. मालिकेच्या लेखकांना हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे, पण सूर नेमका लागलाय. नाझींनी लुटलेली चित्रं मूळ मालकांना मिळावीत म्हणून 1998 साली वॉशिंग्टनमध्ये 44 देशांनी तत्त्वं मान्य केली, तरी मारिया आल्टमन या बाईंना काकूचं, चित्रकार क्लिम्टने काढलेलं सोनेरी चित्र ऑस्ट्रियाकडून मिळवायला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. 2006 मध्ये ते मिळालं तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. फॉल्बबाईंच्या तोंडची वाक्यं असल्या खऱ्या म्हाताऱ्यांच्या जिद्दीवर उभी आहेत.

त्यांचं पुढे काय होतं? फिस्कने सोडलं म्हणून चित्र सुटत नाही. डेक्स नावाचा त्याचा बिथरलेला नेमबाज बाईंना मारतो आणि चित्र साहेबाला भेट म्हणून आणून देतो. फिस्कने तसा हुकूम दिलेला नसतो. पण साहेबाला काय हवंय हे ओळखून वागणारी माणसं एकदा भोवती जमली, की साहेबाच्या चांगुलपणाला कोण विचारतो! आणि आलेली भेट तो ठेवून घेतो.

शेवटच्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. फिस्क आणि व्हॅनेसाच्या लग्नाच्या दिवशी मारामारी होते आणि फिस्कचं रक्त त्या पांढऱ्यावर उडतं. दिसायला झकास, फ्रेम करून लावावी अशी फ्रेम. पण त्या एका शिंतोड्यासरशी चित्र पुन्हा त्याचं होऊन जातं. पुन्हा बाप, पुन्हा हातोडी, पुन्हा त्याचंच दुःख. फॉल्बबाईंचं नावही त्या वेळी कुणी काढत नाही. एवढा सुंदर सवाल उभा करून लेखकांनी तो मारामारीत हरवला. मी असते तर कॅमेरा मिनिटभर चित्रावर ठेवला असता आणि जप्तीचा कागद घेऊन आलेल्या कारकुनाला वारसाचा रकाना भरायला लावला असता. भाच्याला हे सकाळी सांगितलं तर तो म्हणेल, असली मालिका कोण बघणार. मी बघेन.