तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपवर कोणी बोलत का नाही?

मराठीत कंटेंट मार्केटिंग करणाऱ्यांचा, म्हणजे ग्राहक जोडण्यासाठी कंपन्यांचे लेख, पोस्ट आणि मेसेज लिहिणाऱ्यांचा, एक ग्रुप मी चालवते. बँका, दवाखाने, बियाणं कंपन्या, सराफ, क्लासेस अशा सगळ्यांसाठी लिहिणारी माणसं त्यात आहेत. ग्रुप बऱ्यापैकी बोलका आहे, म्हणून इतर ग्रुपांचे अॅडमिन मला अधूनमधून गाठतात. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: ‘आमच्याकडे तीनशे जण आहेत, सगळे याच धंद्यातले. तरी ग्रुपवर सुप्रभात आणि स्वतःच्या रीलची लिंक यापलीकडे काही येत नाही. यांना बोलतं कसं करायचं?’

मी आधी उलट विचारते, तुम्ही शेवटचा प्रश्न कोणता टाकला होतात? उत्तरं ठरलेली असतात. ‘तुमचं आवडतं टूल कोणतं?’, ‘पुढच्या वर्षी कंटेंटचं काय होणार?’, ‘आज नवीन काय शिकलात?’ अहो, असले प्रश्न आपली माणसं दिवसभर क्लायंटच्या पेजसाठी स्वतःच लिहीत असतात. ‘कमेंटमध्ये हो लिहा’, ‘अशा मित्राला टॅग करा’ या प्रकाराला लोक इतके कंटाळले होते की डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, अशा पोस्ट आम्ही खाली ढकलणार. गळाला आमिष लावणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यासमोर आमिष टाकलंत तर ते ओळखतात, मनात हसतात आणि पुढे जातात. इतर ग्रुपांसाठी लिहिलेले सल्ले आपल्या धंद्यातल्या लोकांना लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

माझ्या अनुभवात ग्रुप एकाच गोष्टीने पेटतो, ती म्हणजे कुणाचं तरी अडलेलं काम. विषय नाही, मत नाही. उद्या दुपारपर्यंत द्यायचं असलेलं, अर्धवट, आहे तसं समोर ठेवलेलं काम.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. नाशिककडचा एक मुलगा पीकसंरक्षणाची औषधं बनवणाऱ्या कंपनीसाठी लिहितो. कांदा उत्पादकांच्या यादीवर तो व्हॉट्सअॅप मेसेज पाठवायचा: फुलकिडे आलेत, पानांवर पांढुरके चट्टे दिसले की काय करायचं, अधिक माहितीसाठी इथे दाबा. मेसेज उघडले जात होते, निळ्या खुणा दिसत होत्या, पण लिंक कोणी दाबत नव्हतं. त्याने मला खासगीत विचारलं, ‘ताई, एंगेजमेंट कशी वाढवायची यावर चर्चा ठेवूया का?’ मी म्हटलं, चर्चा नको, तुझा मेसेज टाक. कंपनीचं नाव खोडून, बाकी जसाच्या तसा. आणि खाली एवढंच विचार की लिंक ठेवू की काढू.

आधी थोडा वेळ शांतता. मग सोलापुरात एका रुग्णालयासाठी लिहिणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं. त्यांच्याकडेही वयस्कर पेशंट लिंक दाबत नाहीत, कारण लिंक दाबली आणि खात्यातले पैसे गेले, अशा गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. त्यांनी लिंक काढून विभागाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत फोटोवरच टाकला होता. त्यावर बँकेचं काम करणारा एक जण म्हणाला, अनोळखी लिंक दाबू नका असं आम्हीच महिनाभर सांगतो आणि महिन्याच्या शेवटी आमचीच लिंक पाठवतो, लोकांनी करायचं काय? मग कुणीतरी विचारलं, मेसेज जातो किती वाजता? सकाळी अकराला. त्या वेळी माणूस पाठीवर पंप घेऊन वावरात असतो, तो काय वाचणार! संध्याकाळी पाठव.

आणि मग एक मुलगी बोलली, जी ग्रुपवर तोवर कधीच बोलली नव्हती. ती एका सराफी पेढीसाठी इन्स्टाग्रामच्या कॅप्शन लिहिते. पण तिच्या घरी कांदा आहे. तिने लिहिलं, आमचे पप्पा मेसेज उघडतात पण वाचत नाहीत, व्हॉइस नोट असेल तर पूर्ण ऐकतात, दोनदा ऐकतात आणि काकांनाही ऐकवतात. ते वाचून मला जो आनंद झाला तो कुठल्या आकड्यात मांडता येणार नाही. तिला मी ‘ग्रामीण ग्राहकांबद्दल तुमचं मत सांगा’ असं विचारलं असतं, तर ती आयुष्यात बोलली नसती. तिच्याजवळ मत नव्हतंच, पप्पा होते.

मायबोलीसारख्या मराठी संकेतस्थळावर तुम्ही हे पाहिलं असेल. १९९६ पासून ते चालू आहे, आणि तिथे साध्या पोह्यांच्या पाककृतीखालीही प्रतिसादांची रांग लागते. पोहे प्रत्येकाने हाताने केलेले असतात ना! बटाटा घालायचा की नाही हे सांगायला कुणी तज्ज्ञ असावं लागत नाही. कंटेंट मार्केटिंगमधली असली पोह्यांची पातेली शोधत राहणं, माझं अॅडमिन म्हणून मुख्य काम तेच. हेडिंग अ की ब, क्लायंटने ‘जरा पंच कमी आहे’ म्हटलंय तर त्याला नेमकं काय हवंय, डॉक्टरांनी लेखात घातलेली सात इंग्रजी आजारांची नावं कशी काढायला लावायची. प्रश्न जितका बारीक, तितकी उत्तरं जास्त.

आता गप्प राहणाऱ्यांबद्दल, कारण बहुतेक अॅडमिन त्यांच्याच मागे लागतात. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के कधीमधी बोलतात आणि बहुतेक मजकूर १ टक्का लोकांकडून येतो. म्हणजे तुमच्या तीनशेंतले तिघे नेहमीचे बोलके आणि सत्तावीस जण प्रसंगाने बोलणारे. हे तीस असतील तर ग्रुप ठणठणीत आहे. उरलेल्यांना ‘सक्रिय नसणाऱ्यांना काढून टाकण्यात येईल’ अशा धमक्या देऊ नका. वाचणारा माणूस कधी कामाला येईल सांगता येत नाही, वरच्या कांद्याच्या गोष्टीत बघितलंतच.

पण आपल्या धंद्यात गप्प राहण्याचं आणखी एक कारण असतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ग्रुपवर फ्रीलान्सर असतो, त्याला काम देणारी एजन्सी असते, एजन्सीतली ज्युनियर मुलगी असते आणि तिची बॉसही असते. कधीकधी क्लायंटही असतो. अशा ठिकाणी ‘मला हे जमत नाहीये’ कोण लिहील? आणि ‘तुम्ही शब्दाला किती घेता’ याला खरं उत्तर कोण देईल? २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सअॅपवर पोल आला तेव्हा मला वाटलं, चला, दराचा प्रश्न आता विचारता येईल. पण त्यात कोणी कुठे बोट ठेवलं ते नावासकट दिसत होतं. टेलिग्रामच्या पोलमध्ये नाव झाकायची सोय आहे. म्हणून आमचे दराचे पोल तिकडे होतात, आणि बाकी नाजूक प्रश्न माझ्याकडे खासगीत येतात. मी ते ‘एका सदस्याचा प्रश्न’ म्हणून नाव न घेता टाकते, क्वचित शब्दही बदलते, कारण लिहिणाऱ्या माणसांना एकमेकांची वाक्यं ओळखू येतात.

या बिननावाच्या प्रश्नांवर ग्रुप जितका बोलतो तितका कशावरच नाही. क्लायंटने लेख नापसंत केला आणि नंतर तोच छापला, आता काय? तीन मोफत नमुने मागितलेत, द्यावेत का? प्राप्तिकराची विवरणपत्रं भरायची वेळ आली की ठरलेला प्रश्न: एका क्लायंटने व्यावसायिक सेवा धरून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला, दुसऱ्याने त्याच कामाला कंत्राट म्हणून १ टक्का, बरोबर कोण? यात कंटेंट मार्केटिंग कुठे आलं, असं कुणी म्हणेल. मला तरी वाटतं, ज्या माणसाने तुम्हाला अडकलेलं पेमेंट सोडवायचा मेल लिहून दिलाय, त्याच्यासमोर तुम्ही आपला कच्चा ड्राफ्टही टाकता. उलटं सहसा होत नाही.

माझं निम्म्याहून अधिक काम ग्रुपवर दिसतच नाही. नवीन माणसाने पहिल्यांदा काही टाकलं आणि त्याला उत्तर आलं नाही, तर तो पुन्हा टाकत नाही. म्हणून मी फोन करते: ‘मागच्या वर्षी तू शाळेच्या प्रवेशाचं कॅम्पेन केलं होतंस ना, बघ तिथे कोणी काय विचारलंय.’ मी स्वतः उत्तर देत नाही. अॅडमिनने उत्तर दिलं की विषय संपतो, लोक अंगठ्याची इमोजी टाकून निघून जातात. हेच ज्येष्ठांचं. आमच्याकडे जाहिरातक्षेत्रात केस पिकलेले दोघे-तिघे आहेत, अतिशय मोठ्या मनाचे, आणि अडचण अशी की ते पहिल्याच मिनिटाला अचूक उत्तर देतात. त्यांना मी हात जोडून सांगितलं, तुम्ही रात्री बोला. दिवसभर पोरांना चाचपडू दे. एकजण थोडे रागावले. मग पटलं असावं, हल्ली रात्री दहाला येतात आणि सगळ्यांची मतं वाचून मग आपलं टाकतात.

काहीजण सुचवतात की सुरुवातीला खोटी नावं घेऊन आपणच प्रश्न विचारावेत आणि आपणच उत्तरं द्यावीत. रेडिट या चर्चेच्या साइटच्या संस्थापकांनी २००५ मध्ये खोट्या खात्यांवरून पोस्ट टाकून साइट भरलेली दाखवली होती, हे त्यांनीच पुढे उघडपणे सांगितलंय. त्यांचं जमलं. आपल्याकडे जमणार नाही. हे वर्तुळ इतकं लहान आहे की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारेल, हे प्रसाद कुठल्या एजन्सीत असतात हो?

अलीकडचा त्रास वेगळा आहे. कुणी प्रश्न टाकला की दोन मिनिटांत पाच मुद्द्यांचं गुळगुळीत उत्तर येतं, प्रत्येक मुद्द्याला ठळक शीर्षक, शेवटी ‘आशा आहे की याने मदत होईल’. चॅटजीपीटीला विचारून चिकटवलेलं. चुकीचं नसतं, पण त्यावर कुणाला काही बोलावंसं वाटत नाही. मी बंदी घातलेली नाही. अशा उत्तराखाली मी फक्त विचारते, ‘हे तुम्ही कुठे केलंत? काय झालं?’ केलं असेल तर खरी गोष्ट बाहेर येते, आणि ती नेहमी त्या पाच मुद्द्यांपेक्षा वेगळी निघते. केलं नसेल तर पुढच्या वेळी तो माणूस जरा थांबतो.

‘काय झालं’ हा प्रश्न मी नंतरही विचारते. ज्याचं काम अडलं होतं त्याला काही दिवसांनी आठवण करायची: मग काय केलंस? कांद्यावाल्या मुलाने लिंक काढून नंबर टाकला आणि मेसेज संध्याकाळी पाठवला. व्हॉइस नोट कंपनीने नाकारली, ‘ब्रँडला शोभत नाही’ म्हणून. पण फोन इतके आले की उचलणाऱ्याने तक्रार केली, जेवायलाही उठता येत नाही. हे त्याने ग्रुपवर लिहिलं त्या दिवशी, ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला होता ते सगळे पुन्हा आले, आणि व्हॉइस नोट नाकारणाऱ्या कंपन्यांवर संध्याकाळभर यथेच्छ बोललं गेलं. सल्ला देऊन पुढे काहीच कळलं नाही की माणूस दुसऱ्यांदा सल्ला द्यायला कशाला येईल?

नियम मी मोजकेच ठेवलेत. स्वतःच्या कामाची लिंक चालते, पण ते करताना कुठे अडलात आणि काय ठरवलंत हे चार ओळींत सोबत लिहायचं. या एका अटीने लिंका जवळपास बंद झाल्या. ज्या येतात त्यांवर बोलणं होतं. नोकऱ्यांच्या जाहिरातींना वेगळा ग्रुप आहे, कारण एक जाहिरात आली की ‘इंटरेस्टेड’, ‘इंटरेस्टेड’ करत वरचं सगळं बोलणं गाडलं जातं. सणाच्या शुभेच्छा नाहीत. यावरून माझ्यावर एकदा अधार्मिक असल्याचा आरोप झालाय, तो मी सोडून दिला. किती मेसेज आले हे मी मोजत नाही. दिवसभर तेच करून पैसे मिळवतो आपण, इथेही कशाला?

राहिला तुमचा शेवटचा, जरा घाबरलेला प्रश्न: ग्रुप अचानक थंड पडला तर? आधी कॅलेंडर बघा. गणपती ते दिवाळी आमच्याकडेही कोणी बोलत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर ऑफर, तोरण आणि ‘क्लायंटकडून अप्रूव्हल आलं का’ एवढंच असतं. त्या काळात मी काही टाकत नाही, कुणाला टोचत नाही, मीही कामात असते. भाऊबीज उलटली की कुणाचं तरी बिल अडलेलं असतंच.