छाटणीची तारीख

लग्नकार्यात, बाजार समितीच्या आवारात, पुण्याहून आलेल्या व्याह्यांकडून, द्राक्षबाग काढल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो : "दोन एकर चालू बाग काढलीत कशी?" त्यातल्या 'कशी' या शब्दावर असा जोर असतो की, जणू मी घरातले धडधाकट माणूसच बाहेर काढले. ज्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावात तास-ए-गणेश हे द्राक्षाचे वाण निघाले, तिथल्या शेतकऱ्याने द्राक्षवेलींवर करवत चालवावी, हे अनेकांना अजून पचलेले नाही. आजवर मी "पाऊस" एवढेच उत्तर देत आलो; पण पाऊस तर सगळ्यांच्याच बागांवर पडला होता, त्यामुळे त्या उत्तराने कुणाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही.

2013 च्या दुष्काळात मी हीच बाग टँकरने जगवली होती. त्या उन्हाळ्यात शेजारच्या एकाने बाग काढली, तेव्हा चावडीवर बसून "त्याच्यात धीर नाही" असे म्हणणारा मीच होतो. विहिरीने तळ गाठलेला, उन्हाळ्यातली खरड छाटणी झालेली आणि वेलींचे डोळे फुटण्यासाठी पाणी हवे, म्हणून उसनवारी करून मी पाणी विकत घेतले. पाणी कमी पडले तर ते विकत आणता येते, हा हिशेब मला कळत होता. जास्त झालेले पाणी कुठे नेऊन टाकायचे, हा प्रश्न त्या वेळी माझ्या डोक्यातही आला नव्हता.

2019 च्या नुकसानीत माझा वाटा होता, हेही सांगून टाकतो. लवकर माल निघाला तर दर चांगला मिळतो, या लोभाने मी 22 सप्टेंबरला फळछाटणी, म्हणजे घड येण्यासाठीची छाटणी, घेतली होती. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार आणि त्यापाठोपाठ महा ही चक्रीवादळे आली, पाऊस हटेना आणि माझी बाग नेमकी फुलोऱ्यात, म्हणजे पाऊस मुळीच सोसत नाही अशा वेळी, सापडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली शहर पुरात बुडाले होते, आणि जत-आटपाडीकडे मात्र टँकर सुरू होते. पुढे फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपयांची मदत जाहीर झाली. माझ्या दोन एकरांचे ते साडेचौदा हजारांच्या आसपास होतात, आणि तेवढ्यात माझी एका आठवड्याची औषधेही येत नव्हती. तरीही मी गप्प राहिलो, कारण उशिरा छाटणी घेतलेल्यांच्या बागा बऱ्यापैकी वाचल्या होत्या. चूक तारखेची होती आणि तारीख माझ्या हातात होती, असे मी स्वतःला बजावले.

म्हणून 2021 साली मी 25 ऑक्टोबरपर्यंत थांबलो. घरात त्यावरून वाद झाला. उशिराच्या मालाला दर कमी मिळेल, असे मुलाचे म्हणणे होते; दर कमी मिळाला तरी चालेल, पण माल हाती यायला हवा, असे माझे. 1 डिसेंबरला, म्हणजे छाटणीनंतर सदतिसाव्या दिवशी, बाग पुन्हा फुलोऱ्यात असताना पाऊस सुरू झाला. डिसेंबरातला पाऊस! बोचरी थंडी आणि वर संततधार. फवारणी केली की तासाभरात धुऊन जात होती. रात्री ट्रॅक्टर ब्लोअरसह तिसऱ्या ओळीत रुतला, तेव्हा तो तिथेच सोडून मी आणि मुलगा एचटीपी या फवारणी पंपाचा पाइप ओढत, बॅटरीच्या उजेडात, चिखलातून गनने फवारत राहिलो. आम्ही मारत असलेले औषध घडावर बसते आहे की पावसाबरोबर वाहून जाते आहे, हे दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांपैकी कुणीही ते बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. उघडल्यावर चार-पाच दिवसांनी पाने उलटून पाहिली, तर मागे दावण्या रोगाची पांढरी बुरशी होती. घड हातात धरला की फुले भुकटीसारखी गळत होती, आणि काही घडांचा देठच काळा पडला होता.

जत तालुक्यातून आलेली बायकांची टोळी डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणीसाठी उक्ते ठरवलेली होती. त्या बांधावर उभ्या राहिल्या. त्यांच्यातली वडीलधारी बाई म्हणाली, "अण्णा, उद्या येऊ का न्हाई तेवढं सांगा, म्हंजे दुसरीकडं बघाय बरं." मी "सांगतो" म्हणालो. आजूबाजूच्या चारही बागांत तीच अवस्था होती, त्यामुळे दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनाही माहीत होते. मी त्यांना काहीही कळवले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर न देणे ही माझी सर्वांत मोठी लबाडी होती, असे मला आजही वाटते.

विमा नव्हता का, असेही विचारतात. होता. त्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. माझ्या ओळींमध्ये किती पाणी साचले, याची नोंद त्या यंत्राकडे नसते.

तर बाग काढली ती तोट्यामुळे नव्हे. तोटा आम्ही पूर्वीही सोसला होता. लवकर छाटली तेव्हा ऑक्टोबरने गाठले, उशिरा छाटली तेव्हा डिसेंबरने. मग वडिलांकडून मिळालेली आणि मी तीस वर्षे घासूनपुसून वापरलेली ती तारखांची विद्या कशासाठी बाळगायची? समुद्र तापतो आहे, तापलेली हवा जास्त बाष्प धरते, हे मी वाचले आहे आणि मला ते पटतेही. पण त्यातून छाटणीची तारीख निघत नाही.

यावर माझ्याच मनातला जुना गडी म्हणतो, की हे सगळे धीर सुटल्याचे बहाणे आहेत; शेजारी अजून टिकून आहेत. आहेत. 2025 च्या मे महिन्यात ऊन पडायचे तेव्हा पाऊस पडत राहिला आणि पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांत तयार होण्याच्या ऐन दिवसांत ढग हटले नाहीत, तेव्हा त्यांतलाच एकजण "तुम्ही सुटलात" म्हणाला. सुटलो कसला? त्याच पावसाने माझ्या सोयाबीनच्या रानाला पेरणीआधी वाफसाच, म्हणजे पेरणीजोगा ओलावाच, येऊ दिला नाही.

मुलगा आता प्लास्टिकच्या आच्छादनाखाली एक एकर बाग पुन्हा लावू म्हणतो. खर्चाचा आकडा ऐकून मी नाही म्हणालो. मात्र मांडवाचे लोखंडी अँगल अजून भंगारात घातलेले नाहीत. ते का घातले नाहीत, हे मला आजवर कुणी विचारलेले नाही.