तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, मग तेल कुठलं आणू?"

सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला 22 वर्षं झाली. शेजारच्या खोलीत हृदयरोगाचे डॉक्टर तपासतात. तिथून माणूस बाहेर येतो, हातात लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा कागद, आणि खुर्चीवर नीट टेकायच्या आत विचारतो, "ताई, मग तेल कुठलं आणू?" पाठोपाठ सोबतची बाई विचारते, "आणि तूप बंदच का?" लग्नात पंगतीला बसले तरी शेजारची हेच विचारते, एसटीत ओळख निघाली तरी हेच. तेलाचं एक नाव सांगून मोकळं व्हावं असं कितीदा वाटतं, पण तसं केलं तर समोरच्याला फसवल्यासारखं होईल.

म्हणून मी आधी विचारते: घरात माणसं किती, आणि 15 किलोचा डबा किती दिवस जातो?

गेल्या महिन्यात मोहोळकडच्या एक मावशी आल्या होत्या. नवऱ्याची अँजिओप्लास्टी झालेली. म्हणाल्या, "आम्ही पाच जण. डबा दोन महिने जातो की." त्यांच्यासमोरच कागदावर मांडलं. 15,000 ग्रॅम भागिले 5 माणसं, भागिले 60 दिवस. माणशी रोज 50 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराचं जे ताट सुचवलंय, त्यात 2000 कॅलरीच्या आहाराला तेल-तूप सगळं मिळून 27 ग्रॅम आहे. मावशी कागदाकडे बघत राहिल्या. "पण आमच्यात तळण नसतंच ओ ताई. सणावारालाच काय ते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. माझ्या टेबलावर एक पळी असते, पाण्याचं भांडं असतं आणि मापाचे चमचे असतात. म्हटलं, भाजीच्या फोडणीला घालता तेवढं घाला बघू. त्यांनी सवयीच्या हाताने पळी बुडवली आणि वाटीत रिकामी केली. मग ती वाटी आम्ही दोघींनी चहाच्या चमच्याने मोजली. नऊ चमचे. एका चमच्यात साडेचार ग्रॅम धरले तर एका फोडणीला चाळीस ग्रॅम, आणि अशा फोडण्या दिवसाला तीन-चार. वर रश्शाला तर्री हवी, चपातीच्या घडीत तेल हवं, शेंगाच्या चटणीवर धार हवी. तळण नसलेल्या घरातून तेल असं जातं.

एकदम निम्म्यावर या असं मी कुणाला सांगत नाही. भाजी बेचव लागली की आठ दिवसांत पळी परत पहिल्यासारखी भरायला लागते. आधी पळी बदलून चमचा घ्या, कांदा परतताना लागलं तर पाण्याचा हबका द्या, चपातीवर वरून तेल लावणं थांबवा. चटणीवरचं तेल मात्र मी काढायला लावत नाही. भाकरी-चटणीवर वाढलेल्या माणसाला ती कोरडी खा म्हणणं मला पटत नाही. शेंगदाण्यात मुळातच जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे वरून एक चमचा मोजून घेतला तरी पुरतो.

आता तुपाचं. इथे मला घरची गोष्ट सांगावी लागेल, कारण मी जे काही सांगते त्याची सुरुवात तिथून आहे.

1994 साली माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, छातीत दुखलं म्हणून तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं, तूप-लोणी बंद. आप्पा शब्दाचे पक्के. घरची म्हैस होती, आई दर चार दिवसांनी लोणी कढवायची, पण त्या दिवसापासून आप्पांनी भातावर तुपाचा थेंब घेतला नाही. पुरणपोळीसुद्धा दुधाबरोबर खायला लागले. मात्र सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर खारी सुरू झाली. तुपाची भाकरी-चपाती गेली तेव्हा पोटाला आधार म्हणून आलेली ती खारी. एका वेळी तीन तुकडे. बेकरीतून आणलेल्या पुडीचा कागद मला आजही दिसतो, तळाशी तेलाचा गोल डाग पडलेला. आम्ही सगळे म्हणायचो, आप्पांनी तूप किती निष्ठेने सोडलं.

खारीचे पदर सुटायला घट्ट स्निग्ध पदार्थ लागतो आणि त्या काळी तो म्हणजे वनस्पती तूप, घरोघरी ज्याला डालडा म्हणत. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं, आणि ही प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स फॅट तयार होतं. तेव्हाच्या वनस्पती तुपात ते 30-40 टक्क्यांपर्यंतही सापडायचं. 1990 मध्येच मेन्सिंक आणि काटान या नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं आणि चांगलं एचडीएल उतरतं. तुपाने एलडीएल वाढतं, पण एचडीएल असं खाली येत नाही. म्हणजे आप्पांनी जे सोडलं त्यापेक्षा वाईट गोष्ट रोज सहा तुकडे पोटात जात होती, आणि ही माहिती आमच्या गावापर्यंत यायला आणखी दहा-बारा वर्षं लागली. 2003 मध्ये त्यांची बायपास झाली. ती खारीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. बिडी होती, साखर होती, घराण्यातही होतं. पण शिकून झाल्यावर मी तो हिशोब मांडला तेव्हा रडले होते.

तेव्हापासून "हे बंद करू का?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, त्याच्या जागी काय खाणार ते आधी सांगा.

शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगते. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण रक्तातून आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात. हा शोध गोल्डस्टीन आणि ब्राऊन यांचा, 1985 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. तूप, लोणी, साय, खोबरेल, पाम तेल यांतलं संपृक्त स्निग्ध, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, जास्त झालं की या रिसेप्टरचं काम मंदावतं, एलडीएल रक्तात रेंगाळतं आणि वर्षानुवर्षं धमनीच्या अस्तरात साठत जातं. तुपाच्या जागी शेंगतेल, करडई, सोयाबीन, मोहरी असं तेल आलं तर एलडीएल उतरतं आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. पण त्याच जागी मैदा, साखर, टोस्ट-बिस्किटं आली तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतं, एचडीएल घसरतं आणि हृदयाच्या पदरात काही पडत नाही. माझ्यासमोर येणाऱ्या कागदांवर हेच चित्र जास्त दिसतं: एलडीएल जेमतेम वाढलेलं, ट्रायग्लिसराइड अडीचशेच्या घरात, एचडीएल पस्तिशीच्या खाली. आपल्याकडे हे दुखणं लवकरही येतं. 2004 च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका आला तेव्हाचं मधलं वय 53 होतं, बाकीच्या देशांत 59 च्या आसपास.

मग तूप? जागतिक आरोग्य संघटना सांगते की संपृक्त स्निग्धातून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी. 2000 कॅलरींना ते साधारण 22 ग्रॅम होतं. चहाच्या एका चमच्याएवढ्या तुपात ते तीन ग्रॅम असतं. वरणभातावरचा तो एक चमचा मी बहुतेकांना ठेवू देते, एलडीएल फारच चढलेलं असेल तर तेवढाही काढते. उलट ज्याने तूप सोडलंय पण घरच्या म्हशीचं अर्धा लिटर दूध सायीसकट पितो, त्याच्या पोटात तेवढ्यातूनच सुमारे 20 ग्रॅम संपृक्त स्निग्ध गेलेलं असतं. त्याला कुणी विचारलेलंच नसतं. दूध तापवून फ्रिजमध्ये ठेवा, जाड साय काढा, पुन्हा एकदा तसंच करा. आप्पांच्या घरीही म्हैस होती आणि दुधाबद्दल आम्हाला कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

तेलाच्या नावावर येते. आमच्या भागाचं जुनं तेल करडईचं. ज्वारीच्या रानात कडेने करडईचे पट्टे असायचे, काटेरी असल्यामुळे जनावर आत शिरत नसे. काढणीला पहाटे दवात जायचं, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची आणि बी घाण्यावर जायचं. या तेलात 70 टक्क्यांहून जास्त लिनोलेइक आम्ल, म्हणजे एक असंपृक्त स्निग्ध असतं, संपृक्त स्निग्ध दहा टक्क्यांच्या आत. शेंगतेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक हे दुसरं असंपृक्त स्निग्ध, तिसऱ्या हिश्शाएवढं लिनोलेइक, संपृक्त पाचव्या हिश्शाच्या आत. दोन्ही चांगली, आणि आलटून पालटून वापरली तर अधिक चांगली.

यावर मला हमखास एक मेसेज दाखवला जातो, करडईच्या तेलाने ऑस्ट्रेलियात माणसं दगावली म्हणून. त्यामागे खरा अभ्यास आहे. सिडनीत 1966 ते 1973 दरम्यान हृदयविकार झालेल्या 458 पुरुषांवर तो झाला, त्याची जुनी आकडेवारी 2013 मध्ये पुन्हा तपासली गेली, आणि करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. पण त्यांना ते तेल मार्गारीनच्या, म्हणजे तेलापासून केलेल्या कृत्रिम लोण्याच्या रूपातही दिलं होतं, ज्यात ट्रान्स फॅट असण्याची शक्यता आहे, आणि दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे 15 टक्के एकट्या लिनोलेइक आम्लातून येत होती. भाजीला दोन चमचे घालणाऱ्या घराने त्यावरून घाबरू नये. एकाच तेलाचा मारा करू नये, एवढं मी त्यातून घेते. ओमेगा-3 या स्निग्धासाठी जवसाची चटणी करा, भाजून, कुटून. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, रश्शात किंवा तव्यावर.

लाकडी घाण्याचं की रिफाइंड, हा वाद मला फार मोठा वाटत नाही. शेंगतेल घाण्याचं असो की रिफाइंड, त्यातली स्निग्धाम्लं तीच. घाण्याच्या तेलाला वास आणि चव आहे, ई जीवनसत्त्व थोडं जास्त टिकतं. मात्र बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे विष त्यात उतरू शकतं, म्हणून दाणे डोळ्यांनी बघून घ्या. बाटलीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. आणि तेल बदललं म्हणून डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी कृपा करून थांबवू नका. तेलाने एलडीएल थोडं उतरेल, गोळीएवढं नाही.

कढईची काळजी मात्र मला जास्त वाटते. स्टँडवरच्या भज्यांच्या कढईत सकाळचंच तेल असतं, त्यात दिवसभर वरून भर पडत जाते. ते काळं पडतं, फेस धरतं, कमी आचेवर धुरायला लागतं. तळणाच्या तेलातली बिघडलेली द्रव्यं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै 2018 पासून आहे. घरी दिवाळीचं तळण झालं की उरलेलं तेल गाळा, दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळू नका, ताज्या तेलात मिसळू नका. ट्रान्स फॅटवरही आता बंधन आलंय, जानेवारी 2022 पासून तेला-तुपांत ते दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. आप्पांच्या वेळची खारी आज मिळत नाही याचा मला मनापासून आनंद आहे. पण आज तिच्यात बहुतेक वेळा पामपासून केलेलं घट्ट स्निग्ध असतं, म्हणजे ट्रान्सच्या जागी संपृक्त आलं, आणि मैदा होता तसाच आहे.

मोहोळच्या मावशींनी त्या दिवशी निघताना पुन्हा विचारलंच, "तर मग आणू कुठलं?" म्हटलं, आता शेंगतेल आहे ते संपवा, पुढचा डबा करडईचा आणा, आणि उघडाल त्या दिवशी झाकणावर खडूने तारीख घाला. परवा त्यांचा फोन आला. खडू पुसला जातो, म्हणून त्यांनी खिळ्याने कोरलीय.