जुनी पिकअप घेताना मी आधी तिचा माल विचारला

माझं वाडीला कूलरचं वर्कशॉप आहे. नागपुरात फेब्रुवारी संपता संपता फोन सुरू होतात, आणि एप्रिल-मेमध्ये भाड्याची गाडी वेळेवर मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून हिवाळ्यातच एक जुनी पिकअप बघायला घेतली. तयार कूलर छोट्या हत्तीतही जातात, त्यांना वजन असतं कुठे! पण इतवारीच्या लोहाओळीतून पत्रा आणि अँगल भरले की काटा टनाच्या वर जातो. तिथे छोटा हत्ती बाद.

जुन्या गाडीच्या मीटरवर माझा विश्वास नाही, ते मागे फिरवणारे गल्लोगल्ली आहेत. मी एकच विचारतो, आजवर या गाडीत काय वाहिलं? दोन लाख किलोमीटर दूध वाहिलेली गाडी मला ऐंशी हजार किलोमीटर गिट्टी वाहिलेल्या गाडीपेक्षा बरी वाटते.

कामठी रोडवरची एक पिकअप दिसायला झकास होती. मालक म्हणाला, "भाऊ, फक्त भाजीपाला वाहिला." आमचा मिस्त्री आधी डाल्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात चढला आणि कोपऱ्यातून बोटाने रेती काढली. मग खाली घुसला. मागच्या पाट्यांत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, जादा वजन पेलायला जादा पाने टाकलेली, पाट्याच्या हँगरपाशी चेसिसला वेल्डिंग, आणि त्यावर ताजा काळा रंग. बाकी गाडी धुळीने माखलेली असताना तेवढाच भाग चकाचक. "भाजी लय जड होती वाटते," एवढंच तो बोलला. इंजिन उघडायचंही कारण उरलं नाही. क्लच, ब्रेक, पंप सगळं बदलता येतं. चेसिस वाकलं किंवा तडकलं की ते दुखणं कायमचं.

दुसरी गाडी दुधाची होती. मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तरी मिस्त्रीने पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून बघितलाच. गरम इंजिन कोणतंही पटकन सुरू होतं, खरं काय ते थंड इंजिन सांगतं. सेल्फ मारला, थोडा पांढरा धूर निघाला आणि जरा वेळात थांबला. निळा धूर येत राहिला असता तर ऑइल जळतंय हे उघड होतं. इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवलं. पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचे बोअर झिजलेले असले की झाकण उडायला लागतं, भकाभका धूर येतो. आपल्याकडे त्याला 'कंप्रेशन मारते' म्हणतात. इथे झाकण नुसतं थरथरलं.

खोड दुसरीकडे होती. दारोदारी थांबून थांबून क्लच घासला होता आणि ब्रेक खोल जात होता. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी गंजाचं पाणी. थंडीत अशी गाडी काही बोलत नाही, पण मेमध्ये पारा पंचेचाळीसला गेला की वाटेतच उकळते. मग मी मालकाला म्हटलं, "दादा, भाडं देतो, माझी एक फेरी मारा." त्यालाही ते पटलं. लोहाओळीत पत्रा भरून सीताबर्डीच्या गर्दीतून वाडीला आणला. नुसती रिकामी ट्रायल घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते. मी शेजारी बसून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवली, तो मध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. माल असताना क्लच घसरत होता, गियर मात्र उडला नाही आणि मागच्या एक्सलच्या हाऊसिंगमधून घुर्र आवाज आला नाही. वाडीला पोचल्यावर पाटे बघितले, दोन्ही बाजू सारख्या बसल्या होत्या. टायरवरचे चार आकडेही वाचले, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत होती, पण दोन टायर इतके जुने की त्यांचे पैसे भावातून कापायला लावले. क्लच आणि ब्रेकच्या लायनरचेही.

कागदांत घाई केली नाही. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन आरसीशी जुळवला. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा होता. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात येईपर्यंत टोकनपलीकडे एक रुपया दिला नाही. परिवहनच्या साइटवर थकलेली चालानं निघाली, ती मालकाने भरली. गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दर वर्षी. त्याची तारीख बघून घेतली. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे की नाही तेही पाहिलं. मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, म्हणून आरसीवरचा तो आकडा मुद्दाम वाचला. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या माझ्यासमोर झाल्या, आणि विमाही लगेच माझ्या नावावर करून घेतला.

क्लच प्लेट, मागचे लायनर आणि रेडिएटरची साफसफाई, एवढं काम मार्चच्या आत उरकलं. डाल्यावर उंच जाळी आम्हीच वर्कशॉपमध्ये मारली, कारण कूलर उभेच न्यावे लागतात.