अन्न नाही, फराळाचं

पंढरपूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या तालुक्याच्या गावी आमची लॅब आहे. सकाळी साडेसहाला शटर वर जातं, कारण उपाशीपोटीच्या तपासणीला येणारे लोक लवकर येतात आणि त्यांना फार वेळ बसवून ठेवू नये असं मला वाटतं. चौदा वर्षं मी हे काम करतोय. हजारो हातांवर पट्टा बांधला असेल, पण गेल्या आषाढी एकादशीचा दिवस मनातून जात नाही.

रात्रीपासून पावसाची रिपरिप चालू होती. सव्वासातला एक मावशी आल्या. दोन दिवसांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, त्याच्या तपासण्या होत्या: सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मूत्रपिंडाच्या कामासाठी क्रिएटिनिन, आणि उपाशीपोटीची शुगर. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. मी चौदा वर्षं विचारतोय तोच प्रश्न विचारला.

“मावशी, उपाशी आहात ना?”

“व्हय की. एकादशी हाय आज.”

मी फॉर्मवर ‘फास्टिंग’च्या चौकटीत टिक केली. त्यांची शीर बारीक होती, पण सापडली. आधी पिवळ्या टोपणाची ट्यूब, मग जांभळी, शेवटी राखाडी. हा क्रम आम्ही मोडत नाही. जांभळ्या ट्यूबमधलं औषध चुकून पिवळीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम खोटं उतरलेलं. राखाडी ट्यूब शुगरची. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होत जाते. राखाडीतलं फ्लोराइड ते हळूहळू थांबवतं. एवढी काळजी आम्ही रक्त काढल्यावर घेतो. रक्त काढण्याआधी मात्र एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर आपल्याला कळलं असं धरून चालतो.

मावशींना कापूस दाबून धरायला सांगितलं आणि पाऊस थांबेपर्यंत बाकावर बसवलं.

आठच्या सुमारास आप्पा आले. वय सत्तरीच्या पुढे, वाडीवरून एसटीने आलेले, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. आदल्या दिवशी त्यांचा फोन मीच घेतला होता. “उद्या काही न खाता या, पाणी प्यायलं तर चालेल,” एवढंच सांगून ठेवून दिला होता. एसटी उशिरा आली. त्यांच्या पुढे चार जण होते, म्हणून तेही बाकावर बसले. मी एका लहान मुलीचं रक्त काढत होतो. तेवढ्यात नातू आत आला आणि म्हणाला, “काका, आप्पा कायतरी येगळंच बोलायलेत.”

बाहेर गारवा होता आणि आप्पांचा सदरा घामाने भिजला होता. हात थरथरत होते. नाव विचारलं तर गावाचं नाव सांगितलं. बोटाला टोचून ग्लुकोमीटर लावला. शुगर ४८. सत्तरच्या खाली गेली की आम्ही घाबरतो, ही तर पन्नासच्याही खाली. नातवाला विचारलं, “आप्पा औषध काय घेतात?” तो म्हणाला, “सकाळी सहाला पोटाला इंजेक्शन घेतलं की. रोज घेत्यात.”

रोज घेतात आणि रोज त्यानंतर भाकरी खातात. त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही, कारण मी सांगितलं होतं काही खाऊ नका. शुगर उतरवणाऱ्या त्या इन्सुलिनच्या इंजेक्शनचं मी विचारलंच नव्हतं.

ते शुद्धीवर होते आणि गिळत होते, म्हणून तोंडाने देता आलं. बेशुद्ध असते तर एक थेंबही तोंडात घालायचा नव्हता, सरळ दवाखाना गाठायचा होता. पेल्यात तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी, घोट घोट करून पाजलं. आमच्या काउंटरवरच्या मुलीने शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. ७१. आप्पांना आता स्वतःचं नाव आठवलं. पण त्यांचं इन्सुलिन मिश्र प्रकारचं, त्याचा जोर पुढे कितीतरी तास चालतो. साखर पाजून भागत नाही, वर काहीतरी पोटात जायलाच हवं असं डॉक्टर म्हणाले. मी माझ्या डब्यातली बिस्किटं पुढे केली. आप्पांनी तोंड फिरवलं.

“आज नगं. एकादशी हाय.”

किती समजावलं तरी ऐकेनात. तेव्हा बाकावरच्या मावशी उठल्या, पिशवीतून राजगिऱ्याचे दोन लाडू काढले आणि आप्पांच्या हातावर ठेवले. “खावा. ह्यो उपासाचाच हाय. रिकाम्या पोटी घराबाहेर पडू नये वो. म्या बी पहाटं खिचडी खाऊनच निघाले.”

आप्पांनी लाडू खाल्ले, मग कोणीतरी केळं आणून दिलं. अर्ध्या तासाने शुगर १०४ आली. त्यांचं रक्त त्या दिवशी काढलं नाही, काढून उपयोगच नव्हता. डॉक्टरांनी त्यांना आपल्या दवाखान्यात दुपारपर्यंत ठेवून घेतलं आणि दर तासाला तपासलं. पाऊस उघडला तशा मावशीही निघून गेल्या. मावशींचं वाक्य मी ऐकलं होतं, पण तेव्हा सगळं लक्ष आप्पांच्या चेहऱ्याकडे होतं.

साडेनऊला ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र, सेंट्रिफ्यूज, थांबलं. ट्यूब एकेक करून बाहेर काढत होतो. रक्त फिरवलं की खाली लाल पेशी आणि वर पिवळसर, पेंढ्याच्या रंगाचं स्वच्छ सीरम राहतं. पलीकडे धरलेला कागद त्यातून दिसतो. एका ट्यूबमधलं सीरम दुधाळ होतं. पोटभर तुपातेलाचं खाल्लं की पुढचे काही तास रक्तात चरबी तरंगत असते, तेव्हा ते असं दिसतं. काहींच्या रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे ही चरबी, मुळातच इतकी जास्त असतात की उपाशीपोटीही सीरम गढूळ येतं, म्हणून रंगावरून लगेच निकाल द्यायचा नसतो. लेबल पाहिलं. मावशींचं होतं. शुगर लावली, १६२ आली. आणि मग ती खिचडी आठवली.

फोन लावला.

“मावशी, पहाटे खिचडी किती वाजता खाल्ली?”

“काकडा झाल्यावर. साडेचार असतील. वर दूध घेतलं जरा साखर घालून.”

“अहो पण मी विचारलं तेव्हा उपाशी आहे म्हणालात.”

“उपाशीच की. अन्नाला कुठं हात लावलाय? फराळाचं खाल्लंय.”

त्या अजिबात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी भाकरी, भात, डाळ म्हणजे अन्न. ते टाळलं की माणूस उपाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, दाण्याचं कूट, तूप. रोजच्या भाकरीपेक्षा त्याने साखर जोरात चढते. शब्द मी चुकीचा वापरला होता. ‘उपाशी’ म्हणजे काय हे मी माझ्या पुस्तकातून घेतलं होतं आणि त्यांनी त्यांच्या देवघरातून.

रिपोर्ट अडवून ठेवला. तो तसाच गेला असता तर १६२ समोर ‘फास्टिंग’ छापलं गेलं असतं. उपाशीपोटी १२६ च्या वर म्हणजे मधुमेहाची शंका. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं असतं, कदाचित गोळ्याही सुरू झाल्या असत्या. मी त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. एचबीएवनसीला पोट रिकामं लागत नाही, ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते आणि जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त शिल्लक होतं. डॉक्टर म्हणाले, लावा. ती ६.० आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. सकाळी नैवेद्य दाखवून उपास सोडायचा असतो. मी मावशींना सांगितलं की संध्याकाळचं फराळाचं आठच्या आत उरका, नंतर फक्त पाणी, आणि पारणं फेडायच्या आधी माझ्याकडे या. सात वाजता त्या दारात होत्या. मुलगा मागे गाडी सुरूच ठेवून उभा. दुसऱ्या हाताची शीर घेतली. भरपूर पाणी प्यायल्या होत्या, त्यामुळे ती कालच्यापेक्षा सहज लागली. सीरम स्वच्छ निघालं. शुगर १०९. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

मला राहून राहून वाटतं ते मागच्या चौदा वर्षांचं. किती श्रावणी सोमवार, किती संकष्ट्या, नवरात्राच्या किती सकाळी मी “उपाशी आहात ना” विचारून टिक केली असेल? त्यातले किती जण वरीचे तांदूळ किंवा शेंगदाण्याचा लाडू खाऊन आले असतील? ते रिपोर्ट कुणाच्या फाइलीत अजून आहेत, कुणी त्यावरून गोळ्या खातंय. आता ते शोधायचे तरी कसे?

तो प्रश्न आम्ही टाकून दिला. आता विचारतो, “शेवटचं काय पोटात गेलं, किती वाजता?” चहाही सांगायचा, दूधही, प्रसादही. फोनवर आधी विचारतो ते शुगरच्या गोळीचं आणि इंजेक्शनचं, आणि ती सकाळची मात्रा कधी घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारून या, असं सांगतो. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यायला सांगतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुली बऱ्याच येतात, त्यांनाही विचारतो, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे फसवे येतात. काउंटरवरची मुलगी सुरुवातीला म्हणाली, एवढं विचारत बसलो तर रांग वाढेल. वाढते. दर माणशी एक मिनिट जास्त लागतं.

आप्पा आठवड्याने आले, त्याच एसटीने, त्याच नातवाला घेऊन. या वेळी सकाळचं इंजेक्शन घरी घेतलं नव्हतं, डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं होतं. मी त्यांना रांगेत सगळ्यांच्या पुढे घेतलं, कुणी कुरकुर केली नाही. रक्त काढून झालं तसं नातवाने पिशवीतून इन्सुलिनचं पेन आणि फडक्यात बांधलेली भाकरी अशा दोन्ही गोष्टी काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.