महागाईचा दर उतरतो म्हणजे नेमके काय होते

‘महागाई घटली’ अशी बातमी आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत लोक हमखास विचारतात, मग तेलाचा डबा स्वस्त का झाला नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. बातमी ज्या स्थितीविषयी असते तिला अर्थशास्त्रात डिसइन्फ्लेशन म्हणतात आणि तिचा अर्थ भाववाढीचा वेग मंदावणे एवढाच आहे. १०० रुपयांचा माल वर्षभरात ११० रुपयांना आणि पुढच्या वर्षी ११४ रुपयांना गेला, तर महागाईचा दर १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली येतो, पण ग्राहकाला पैसे जास्तच मोजावे लागतात. भाव प्रत्यक्षात उतरू लागले, तर ती चलनघट.

हा भेद धोरणात ठळक झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये. १९४२ मध्ये भारतात योजना घेऊन आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स १९४७ च्या नोव्हेंबरात तिथले अर्थमंत्री झाले. लोकांच्या हाती पैसा होता, बाजारात वस्तूंचा तुटवडा होता, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान चलनघटीबरोबर आलेली बेकारी कोणी विसरले नव्हते. म्हणून चढे कर आणि शिलकी अर्थसंकल्प यांच्या आधारे मागणी आवरायची, पण रोजगार मोडू द्यायचा नाही, असे त्यांचे धोरण होते आणि ते डिसइन्फ्लेशन याच नावाने ओळखले गेले. पुढे अमेरिकेत तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनीही महागाई आटोक्यात आणली, मात्र त्यासाठी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास गेले आणि कर्ज काढून शेती करणारे तिथले शेतकरी त्यात भरडले गेले. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे किरकोळ महागाईचा दर ऑक्टोबर २०२४ मध्ये ६.२१ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्क्यावर आला. एकूण निर्देशांकाच्या बाबतीत हे डिसइन्फ्लेशन होते. खाद्यपदार्थांचे भाव मात्र वर्षापूर्वीच्या तुलनेत सुमारे ५ टक्क्यांनी खाली होते, म्हणजे तिथे प्रत्यक्ष घट होती. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल असताना बाजार समित्यांत त्याहून कमी भावाने माल विकला जात होता. शहरातल्या स्वयंपाकघराला मिळालेला दिलासा आणि शेतकऱ्याचे घटलेले उत्पन्न एकाच आकड्यात दडलेले असते, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते. महागाईच्या दराची बातमी देताना वर्तमानपत्रांनी तिच्या शेजारीच सोयाबीन, तूर आणि कापसाचे त्या महिन्यातले बाजारभाव हमीभावासह छापले पाहिजेत.