निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे

आत्याचे डोळे भरून आले आणि माझे आले नाहीत. एवढंच झालं काल. पण झोप लागली नाही रात्रभर.

पौष वद्य एकादशीची यात्रा सरली की त्र्यंबकला जाऊ, हा आत्याचाच हट्ट. समाधीवर तिने डोकं टेकलं, उठली तेव्हा गाल ओले. मी तिच्या मागे. माझंही डोकं टेकून झालं आणि मी लगेच आत डोकावले, आपल्याला काही होतंय का? काही नाही. मग जे वर आलं तो सरळ मत्सर होता. आत्याचा मत्सर! जिने जन्मात कधी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचा प्रयत्न केला नाही तिचा. मी पहाटे उठते, इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आले, ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय किती वेळा वाचला. मग मला का नाही? परतताना सिटीलिंकमध्ये सातपूर येईतो मी तिच्याशी धड बोलले नाही. दादाला हे सांगणार नाही.

मला का नाही. त्या 'मला'पाशीच अडकलेय.

धम्मगिरीत पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं. संवेदना सुखाची असो की दुःखाची, ओढ नको, तिटकारा नको, हे रोज बजावून सांगतात. मला ते मनापासून पटलं होतं. दहाव्या दिवशी आर्य मौन सुटलं आणि आम्ही सगळ्याजणी एकमेकींना विचारत सुटलो, तुला काय जाणवलं? मीही विचारत होते, आणि प्रत्येकीचं उत्तर माझ्या अनुभवाशेजारी ठेवून बघत होते. म्हणजे ती, 'मला का नाही' म्हणणारी, माझ्याबरोबर दहाही दिवस बसलेलीच होती.

माउली तेराव्यात म्हणतात, अहंकाराचं नवलच आहे, अज्ञान्याच्या मागे तो फारसा लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्याला झोंबतो. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी दुसरीच माणसं यायची. सिंहस्थात आधी कोण नाहणार यावरून भांडणारे आखाडे वगैरे.

आज दुपारभर नामदेवांची गोष्ट आठवत राहिले. तेरला गोरोबाकाका कुंभारांनी मडकं पारखावं तसं थापटण्याने जमलेल्या एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं, आणि प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो असे नामदेव कच्चे निघाले. कीर्तनात गोष्ट इथे रंगते, लोक हसतात. पण पुढचं बघा ना. नामदेव चिडले, अपमान सहन होईना म्हणून पंढरीला विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, आणि तिथून विसोबा खेचरांकडे. तो अपमान झोंबलाच नसता तर ते गेले असते का गुरूकडे? मला नाही वाटत. त्यांच्यातल्या दुखावलेल्या 'मी'नेच त्यांना चालवत नेलं.

गजर बंद करून पुन्हा पांघरूण न ओढणारीही तीच, 'मला हवंय' म्हणणारी. तिला आज घालवून दिलं तर उद्या आसनावर बसणार कोण? आणि जे मिळवायला ती धडपडतेय ते मिळतं तेव्हा घेणारा उरत नाही, असं सगळे संत सांगतात. हे ठाऊक असूनही ती उठते. आज पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही.

संध्याकाळी न राहवून आत्याला फोन केला. काल तुला काय झालं गं तिथे?

"काय व्हायचंय? धाकटी तिन्ही भावंडं आधी गेली, हा थोरला मागे राहिला. आळंदीला ज्ञानोबा, सासवडला सोपान, मग मुक्ताई. कसं काढलं असेल त्याने, एवढंच आलं मनात."

अण्णांचं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

म्हणजे ती तिथे स्वतःकडे बघतच नव्हती. मत्सर अजून आहे, कालच्याइतका नाही. पहाटे बसताना असेल तर असू दे.